पाला चाखणारे काका

माझ्या ओळखीत जनावराच्या आधी त्याचा पाला स्वतः चावून बघणारा एकच माणूस होऊन गेला. त्या माणसाला लोकांनी चोर ठरवलं, आणि तसं ठरायला मी कारण झालो. हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या गमती सांगत बसलो की ही गोष्ट मागे पडते, आणि ती मागे पडावी अशी माझी इच्छाही असते.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी एका छोट्या प्राणीसंग्रहालयाला पाला पुरवत होतो. अंबाडीच्या पुढे, वाडा रस्त्याला एक ट्रस्ट ते चालवायचा. आता ते नाही. तिथे चितळं होती, सांबरं होती, दोन नीलगायी, साळिंदरांची एक जोडी, आणि बंद पडलेल्या सर्कशीतून आलेली मैना नावाची म्हातारी हत्तीण. या सगळ्यांसाठी मी रोज सकाळी टेम्पोभर फांद्या न्यायचो. आमचं घर अंजूरचं. शेत गोदामाला गेलं, त्यातून टेम्पो आला, आणि टेम्पोला काहीतरी काम हवं म्हणून मी पाल्याच्या धंद्यात पडलो. पाल्यातलं मला काही कळत नव्हतं. हिरवं दिसलं की ते जनावर खाणार, एवढंच ज्ञान.

काका तिथे पाला उतरवून घ्यायच्या कामावर होते. राहणारे वळ गावचे. त्याआधी तीस वर्षं त्यांनी भिवंडीत कापडाचा लूम चालवला होता. त्या खडखडाटाने कान अधू झालेले. अधू कानाची माणसं मोठ्याने बोलतात. काकांना आपलाही आवाज मोठा होत असेल अशी धास्ती होती, म्हणून ते इतकं हळू बोलत की आम्हाला जवळ जाऊन कान द्यावा लागे. आणि आम्ही उत्तर मात्र ओरडून द्यायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, चार माणसं मिळून एका गरीब म्हाताऱ्याला दम देतायत.

टेम्पो गेटमधून आत आला की काका हात वर करून तो थांबवत. मग मागे चढत आणि प्रत्येक जातीच्या फांदीचं एक पान तोडून तोंडात घालत. डोळे मिटून चावत. मग त्याच फांदीची साल दाताने सोलून तीही चघळत. लहानपणी आपण ऊस सोलायचो, तसं. त्यांच्याजवळ दूध पावडरचा एक जुना डबा असायचा. चोथा त्यात थुंकायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "चालंल", नाहीतर "काढ". का काढायचं हे विचारलेलं त्यांना आवडत नसे. विचारलंच तर म्हणत, "तू खाऊन बघ." मी खाऊन बघायचो. मला सगळा पाला पाल्यासारखाच लागायचा.

मैनाचा माहूत बिहारकडचा होता. तो सोंडेपाशी उभा राहून रोज विचारायचा, "चाचा, आज क्या फैसला है?"

"उंबर पास," काका म्हणत. "फणस उद्या आना."

लूमवरचे जुने सोबती त्यांना बकरी चाचा म्हणत. काकांना त्याचं काही वाटत नसे. "बकरी बरी," ते म्हणाले एकदा. "ती नको ते पान तोंडात घेत न्हाय. मानूस गुटखा खातो."

हे चाखणं कसं सुरू झालं ते माहुताने मला सांगितलं. काका नवीन नवीन वॉचमन म्हणून लागले होते. एके दिवशी मैनाने पाल्याला सोंड लावली नाही. सगळे म्हणाले, आजारी आहे. डॉक्टरांना निरोप गेला. काकांनी गेटवरून येऊन एक पान खाल्लं आणि सांगितलं, याला डिझेलचा वास आहे. ज्या टेम्पोतून पाला आला होता, त्यात आदल्या दिवशी डिझेलची पिंपं नेली होती. दुसरा पाला आणला, तो मैनाने खाल्ला. त्या दिवसापासून काका गेटवरून आत आले. विडी त्यांनी त्याच आठवड्यात सोडली. जीभ मरते म्हणून. तीस वर्षांची विडी माणसाने हत्तिणीसाठी सोडली, यावर त्यांच्या सुनेचं एकच म्हणणं होतं, "आमी किती वर्सं सांगतोय, आमच्यासाठी नाय सोडली."

सालीचं त्यांना फार अगत्य. सुरुवातीला मी बारीक फांद्या नुसत्या पानांच्या आणायचो. हलक्या असतात, भराभर तोडता येतात. काकांनी मला बाजूला घेतलं.

"पाला म्हंजे भाजी," ते म्हणाले. "साल म्हंजे भाकरी. तुझ्या घरी भाकरीबिगर नुस्ती भाजी वाढतात का?"

"नाही."

"मग तिला का वाढतोस?"

त्यानंतर मी मनगटाएवढ्या फांद्या आणायला लागलो. मैना एक टोक पायाखाली दाबायची, सोंडेने साल ओढायची, आणि लांबच लांब पट्टा निघायचा. काका ते दृश्य लूमवरचं कापड तपासावं तसं बघत. पट्टा मध्येच तुटला की म्हणत, "झाड तहानलेलं हाय. त्याला पुन्हा हात लावू नको औंदा."

वाडा रस्त्यावरच्या झाडांवर ट्रकची धूळ बसलेली असायची. ती झाडं रस्त्यालगतच उभी, तोडायला सोपी, म्हणून मला प्रिय. काका डोक्यावरची पांढरी टोपी काढून तिने एक पान पुसत आणि टोपी मला दाखवत. मी रोज एक टोपी खराब करतोय असं मला वाटू लागलं, आणि मी आतल्या गावांतल्या झाडांकडे वळलो.

वटपौर्णिमेचं सांगायला हवं. भिवंडीतल्या बिल्डिंगमधल्या बायका वडापर्यंत कुठे जाणार, त्या बाजारातून वडाची फांदी आणून घरीच पुजतात. दुसऱ्या दिवशी ती फांदी कचऱ्यात जाते. काकांना हे कळल्यावर ते दर वर्षी दुसऱ्या दिवशी मला घेऊन बिल्डिंगा फिरायचे. काका बेल दाबायचे, हळू आवाजात मागायचे, आणि ऐकू न आल्यामुळे बाई बाहेर यायची.

"काल पुजलेली फांदी हाय का, वहिनी? हत्तिणीला पायजे."

एका बाईंनी कमरेवर हात ठेवला. "अहो काका, सात जन्मांचं गाऱ्हाणं घातलंय मी त्या फांदीला. ती हत्तिणीच्या पोटात घालता?"

"गाऱ्हानं कालच पोचलं असंल. आता नुस्ता पाला उरला."

"आणि नसेल पोचलं तर?"

"तर पुढच्या जन्मी दुसरा मिळंल," काका म्हणाले. "इचार करून सांगा."

बाईंनी आतून फांदी आणून दिली. शेजारणीचीही आणून दिली.

मग खरं काम सुरू व्हायचं. प्रत्येक फांदीला पांढऱ्या सुताचे वेढे असतात, आणि सूत हत्तीच्या पोटात गेलं तर आतड्यात अडकतं. काका मांडी घालून बसत आणि एकेक वेढा सोडवत. कापायचं नाही, कारण कापलं की तुकडे पानात राहतात. दोन-दोन तास हे चालायचं. "तीस वर्सं गुंडाळलं," ते म्हणाले, "आता सोडवतो." मध्येच एखादा धागा ताणून बघत आणि नाक मुरडत. "सात जन्माचं काम, आनी धागा बघ. रिजेक्ट माल."

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन मैनाची लीद विस्कटून बघायचे. एका वर्षी त्यात बोटभर सूत सापडलं. मैनाला काहीही झालं नव्हतं. पण काका आठवडाभर जेवणानंतरचा चहा प्यायले नाहीत. शिक्षा म्हणून. कुणी दिली नव्हती, त्यांनीच दिली होती. मी तेव्हा हसलो होतो.

त्याच वर्षांत आमच्याकडे गोदामं फार वाढली. जमीन विकली की आधी झाडं जायची. ज्या वर्षी सगळ्यात जास्त वड आणि उंबर पडले, त्याच वर्षी मैना सगळ्यात चांगलं जेवली. यात वाईट वाटून घ्यावं की बरं, हे मला ठरवता आलं नाही. काकांना असले प्रश्न पडत नसत. ते मालकाला जाऊन विचारत, "कधी पाडताय?"

"परवा."

"अर्धं परवा पाडा. अर्धं गुरवारी. ती एका दिवसात संपवत न्हाय."

वळच्या एका मालकाने खरंच अर्धा वड गुरुवारपर्यंत उभा ठेवला. कंत्राटदार येऊन विचारायचा, हे काय आहे? मालक म्हणायचा, हत्तिणीचा डबा आहे.

आता सुबाभळीचं. हे टाळता येत नाही.

सुबाभूळ कुठेही उगवते. गोदामांच्या भिंतीलगत, नाल्याच्या काठाला, कुणी न लावता. पानं कोवळी, जनावरांना आवडतात. मी एकदा चांगली मोठी मोळी आणली तेव्हा काकांनी त्यातली मूठभर ठेवली आणि बाकीची परत टेम्पोत टाकली.

"चव चांगली हाय," ते म्हणाले. "चव चांगली हाय हाच वांधा हाय. मूठभर चालंल. रोज पोटभर दिली का केस जातात. आमच्या भिवंडीच्या टांगेवाल्यानं घोड्याला महिनाभर घातली. आयाळ गेली, शेपटी गेली. घोडा आसा दिसाचा, लोक लाजून चालत जायाचे."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणून मला ते पक्कं लक्षात राहिलं. हे मुद्दाम लिहितोय. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्या वर्षी मे महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाताना त्यांनी मला कुठल्या गावात कुठलं झाड पानावर आहे ते सगळं सांगितलं. मेमध्ये निम्मी झाडं बोडकी असतात. उंबरासाठी आत दहा-बारा किलोमीटर जावं लागायचं, भर उन्हात चढावं लागायचं. पहिले चार दिवस मी गेलो. पाचव्या दिवशी वळच्या एका गोदामवाल्याने मला हाक मारली. त्याच्या कंपाउंडच्या मागे सुबाभळीचं रान माजलं होतं. "घेऊन जा, भाऊ, सगळं घेऊन जा, माझी भिंत मोकळी होईल." सावलीत उभं राहून अर्ध्या तासात टेम्पो भरला.

मी म्हटलं, आजचा दिवस. मग म्हटलं, हा आठवडा. मग काही म्हणायचं सोडून दिलं. महिनाभर मी मैनाला सुबाभूळ घातली. चितळांना थोडा बोराचा, आपट्याचा पाला मिळत होता. मैनाला नुसती सुबाभूळ. ती आवडीने खात होती. माहूत खूश होता. "चाचा के बिना तो आप और अच्छा लाते हो," असं तो म्हणाला, आणि मला त्याचा आनंद झाला.

जूनमध्ये काका आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. आल्या आल्या मैनाच्या मागे गेले. शेपटीचा गोंडा गेला होता. दोन-चार राठ केस उरले होते, बाकी शेपटी चाबकाच्या दांड्यासारखी. आम्ही रोज बघत होतो म्हणून आम्हाला ते दिसलंच नव्हतं.

काका खाली वाकले, पेंढ्यात पडलेले सात-आठ केस वेचले, कागदात गुंडाळले आणि खिशात ठेवले. त्याच वेळी मॅनेजर तिथे आले.

मॅनेजर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सरळ, पण संशयाला तत्पर. त्यातून त्या काळी हत्तीच्या केसाच्या अंगठ्यांना मागणी होती. अशी अंगठी घातली की भीती वाटत नाही म्हणतात. अशा केसांची चोरी म्हणजे मोठा गुन्हा. मॅनेजरांना शेपटी दिसली, मग खिसा दिसला.

ऑफिसात आम्हा तिघांना उभं केलं. काका, माहूत आणि मी.

"हे काय आहे?" मॅनेजरांनी कागद उघडून ओरडून विचारलं. ओरडावंच लागायचं.

"केस."

"कुणाचे?"

"मैनाचे."

"तुमच्या खिशात कशाला?"

"मुळं बघाया घेतले. उपटलेला केस आसंल तर मुळाला मांस येतं. गळलेला आसंल तर न्हाय येत. ह्यांना न्हाय."

मॅनेजरांनी केस खिडकीजवळ नेऊन बघितले. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. माहूत म्हणाला की आपण दिवसभर तिथेच असतो, कुणी केस ओढताना पाहिलं नाही. मग मॅनेजर माझ्याकडे वळले.

"खाण्यात काही बदल झाला होता का? महिनाभर काय दिलंत तुम्ही?"

"नेहमीचाच पाला," मी म्हटलं.

काकांनी एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. माहूत जमिनीकडे बघत होता. त्याला सुबाभूळ दिसत होती रोज, पण तिने केस जातात हे त्याला माहीत नव्हतं. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

"तुमचं काय म्हणणं?" मॅनेजरांनी काकांना विचारलं.

"पाला माझ्या जिभेखालून गेला न्हाय. ती चूक माझी," काका म्हणाले. "केस मी इकले न्हायत."

डॉक्टर आठवड्याने आले. ते म्हणाले, केस गळलेही असतील, काढलेही असतील. या एका वाक्यावर काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. काका महिनाभर नव्हते, पण केस त्याआधीच काढले असतील असा मॅनेजरांचा हिशेब होता. पोलिसात दिलं नाही, हे मॅनेजरांच्या मते काकांवर उपकार होते. गेटवरच्या वहीत काकांच्या नावापुढे 'प्रवेश नाही' असं लिहिलं.

त्या दिवशी मी त्यांना टेम्पोतून अंबाडीपर्यंत सोडलं. सबंध रस्ता मी काहीतरी बोलायचं ठरवत होतो. नाक्यावर ते उतरले, दार लावलं आणि खिडकीतून हळूच म्हणाले, "उद्या उंबर आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर पोचलो तर चहाच्या टपरीसमोर काका हात वर करून उभे. मी थांबलो. ते मागे चढले, पानं चावली, सालं चावली, डब्यात थुंकले. "चालंल." मी गेटकडे गेलो, ते वळ गावी परत गेले. हे दोन वर्षं चाललं. एखाद दिवस ते नसत, तेव्हा मी पाच मिनिटं वाट बघायचो. त्या टेम्पोत पुन्हा सुबाभळीची काडी आली नाही. मी उन्हातान्हात आत जाऊन उंबर आणायचो, वड आणायचो. मीही प्रत्येक पान चावून बघायला लागलो. सवयीने मला हळूहळू चव कळायला लागली. कोवळ्या उंबराची तुरट, जुन्या फणसाची किंचित गोड. मी मनाशी म्हणायचो, आता मी सगळं नीट करतोय ना. जे करायचं ते सोडून बाकी सगळं मी करत होतो.

मैनाच्या शेपटीला केस यायला लागले. आधी काळे ठिपके, मग बोटभर, मग वीतभर. टेम्पो उतरवताना मला रोज ते दिसायचे. मी का बोललो नाही? आधी काम जाईल ही भीती होती. ती तीन-चार महिन्यांत गेली, कारण कामाला तोटा नव्हता. मग दुसरी भीती आली, की आता सांगितलं तर लोक विचारतील, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती भीती गेली नाही. ती केसांबरोबर वाढत गेली.

एका सकाळी नाक्यावर काका पाला बघत असताना एक बाई आली. कुठल्या तरी आतल्या पाड्यावरून चालत आली असावी, चपला धुळीने भरलेल्या. तिची मुलगी झोपेत दचकून ओरडायची.

"बाबा, एक केस द्या. अंगठी करून घालते तिला."

"माझ्याकडं केस न्हायत, बाई. माझ्याकडं पाला हाय."

"समदे सांगतात तुमीच काढले म्हनून. मी कुनाला न्हाय सांगनार."

काकांनी तोंडातलं पान चावून संपवलं. "समदे सांगतात ना?" ते म्हणाले. "पन न्हायत. डाक्टरला दाखव तिला."

बाईचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं असावं, म्हातारा जास्त पैसे मागायला थांबलाय. मग ती गेली. चोरावर रागावून नाही, चोराने आपल्याला दिलं नाही म्हणून रागावून गेली. मला ते सहन झालं नाही. मी टेम्पोच्या मागे जाऊन काकांच्या कानाशी ओरडलो. टपरीवरच्या चार जणांनी ऐकलं असेल.

"काका, त्या महिन्यात मी तिला सुबाभूळ घातली. रोज. सगळा टेम्पो."

काकांच्या तोंडात सालीचा तुकडा होता. त्यांनी तो सावकाश चघळला आणि डब्यात टाकला.

"चालंल," ते म्हणाले. ते सालीबद्दल होतं. मग म्हणाले, "ठावं हाय मना. आलो त्याच दिवशी लिदीत बी दिसलं. त्या शेंगांचं बी पचत न्हाय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"साहेबानं तुला इचारलं व्हतं. तू बोलशील आसं वाटलं."

"आणि नंतर?"

"नंतर तू रोज भेटत व्हतास. म्हटलं, आज बोलंल."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "मना काय सांगतोस? वहीत मी लिवलं न्हाय. ज्यानं लिवलं त्याला सांग."

यानंतर मी सरळ गेटवर गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी अकरा दिवसांनी गेलो. त्या अकरा दिवसांत काका रोज नाक्यावर आले आणि एकदाही त्यांनी विचारलं नाही. मी मात्र रोज त्यांना सांगायचो, आज मॅनेजर नव्हते, आज गडबड होती. ते मान हलवायचे आणि पाला चावायचे.

मॅनेजरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "लिहून द्या," म्हणाले. मी लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, शिक्का मारला, फाइलला लावलं. गेटवरची वही मागवून काकांच्या नावापुढची ओळ खोडली आणि खोडलेल्या ओळीवर सही केली.

"आणि माझं काय?" मी विचारलं.

"तुमचं काय?"

"म्हणजे, मला काढणार का?"

"मग पाला कोण आणणार?" ते म्हणाले. "उद्यापासून काकांना बरोबर आणा."

मला शिक्षा झाली नाही. याची तक्रार कुठे करायची तेही मला कळेना.

काका दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून गेटमधून आत आले. माहूत धावत आला आणि पायाशी वाकला. काका त्याला बाजूला सारून थेट मैनाच्या मागे गेले, शेपटी हातात धरून बघितली, आणि म्हणाले, "इथं पाठीवर तेल कोन लावत न्हाय वाटतं." मैनाने त्यांना ओळखलं की नाही, सांगता येत नाही. ती जेवत होती.

त्याच पावसाळ्यात काकांना मोठा ताप आला. दीड महिना ते अंथरुणावर होते. गणपती झाल्यावर कामावर आले, पूर्वीसारखेच टेम्पोवर चढले, चावलं, थुंकले. "चालंल." दुसऱ्या दिवशी "चालंल". तिसऱ्या दिवशीही. आठ-दहा दिवस गेले तरी एकही "काढ" नाही. मला वाटलं, आता मी इतका चांगला पाला आणतो की काढण्यासारखं काही नसतं. मला थोडा अभिमानही वाटला.

दिवाळीला मी त्यांच्या घरी फराळाला गेलो. काका आत देवापाशी होते. सून चहा देताना म्हणाली, "बाबांना तापापासून काय कलत नाय तोंडाला. मीठ नाय घातलं तरी जेवतात, कारलं दिलं तरी गोड म्हनतात. तुमी कुनाला सांगू नका. त्यांनी मना बी नाय सांगितलं, मीच वलखलं."

मी कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत अंजूरच्या एका वाडीत आंब्याची झाडं पडली, गोदामासाठीच. मी पाला भरून आणला. घाईत होतो, फांद्या चाखल्या नाहीत. आत आल्यावर काका मागे चढले, मीही चढलो. त्यांनी आंब्याचं पान तोडलं, डोळे मिटून चावलं. मीही एक तोंडात घातलं. मोहोरावर मारतात ते औषध होतं त्यावर. कडू, आणि जिभेचं टोक बधिर व्हायला लागलं. मी चटकन थुंकलो.

काका शांतपणे चावत होते. त्यांनी साल काढली, तीही चघळली. मी त्यांच्या हातातली फांदी धरली, पण ते होईपर्यंत त्यांनी चोथा डब्यात टाकला होता.

"चालंल," ते म्हणाले.

खाली माहूत हात पुढे करून उभा होता. मैनाची सोंड टेम्पोच्या फळीपर्यंत आली होती. मी काकांना पाण्याची बाटली दिली, चूळ भरा म्हटलं, ऊन आहे. त्यांनी चूळ भरली. मग मी आंब्याच्या फांद्या एकेक करून मागे, केबिनच्या बाजूला सारायला लागलो आणि खाली फक्त उंबर दिला.

"ह्यो का ठेवतोस रं?" काकांनी विचारलं. "पास केला ना मी."

"ती आज कमी खातेय, काका," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "सकाळपासून."

माहुताने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. मैना उंबराची फांदी पायाखाली घेऊन सालीचा लांब पट्टा ओढत होती.

"हां चाचा," तो ओरडला. "आज थोडा कम."

काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि फळीला धरून सावकाश खाली उतरले.

"मंग मना आधी सांगाचं व्हतं," ते म्हणाले.